दगडाची भुकटी आणि आपला डोंगर



होळीच्या आत ऊसतोडीच्या टोळ्या माघारी आल्या. लासुर्ण्याच्या फडावरून आलेल्या जोड्यांनी यंदा एक नवीनच गोष्ट सांगितली. तिकडं दगड दळून त्याची भुकटी खत म्हणून विकतात. वाडीत दोन दिवस तीच चर्चा. आणि नेमका त्याच आठवड्यात एक खाणवाला येऊन गेला. मागचा डोंगर क्रशरला द्या, निघेल ती सगळी भुकटी तुमच्या शेताला फुकट, असं बोलून गेला. पुढच्या ग्रामसभेत हा विषय येणार आहे, म्हणून या अंकात त्यावरच लिहितो.

मुकादमाच्या हिशोबाचं भांडण होतं म्हणून माघ महिन्यात मीही लासुर्ण्याला गेलो होतो. हे गाव इंदापूर तालुक्यात, बारामती-इंदापूर रस्त्यावर, नीरा डाव्या कालव्याच्या भिजवणात. बाजारात एक माणूस पन्नास किलोच्या गोण्या लावून बसला होता. युरिया सोडा, सुपर सोडा, एकराला एक गोणी टाका, म्हणत होता. लोक ऐकत होते, कारण खताचे भाव त्यांनाही परवडत नाहीत.

तो सगळंच खोटं बोलत नव्हता, हे आधी सांगतो. दगडात पिकाचं अन्न असतं. आपल्या काळ्या दगडात चुना, मॅग्नेशियम, लोह आहे, थोडं स्फुरद आणि थोडं पोटॅश आहे. जवळजवळ निम्मी सिलिका आहे, ती भाताच्या काडीला ताठ ठेवते. जर्मनीत ज्युलियस हेन्सेल नावाचा माणूस शंभराहून जास्त वर्षांपूर्वी हेच सांगत होता. दुकानातलं सुपर फॉस्फेट तरी काय आहे? स्फुरदाचा दगड दळून त्यावर गंधकाचं आम्ल ओतलं की सुपर. तो दगड राजस्थानात उदयपूरजवळ झामरकोटड्याला निघतो.

आता हिशोब करू. दगडात नत्र नाहीच, म्हणजे युरियाचं काम तो कधीच करणार नाही. पोटॅश शेकडा एकाच्याही आत. दुकानातल्या पोटॅशच्या एका गोणीत तीस किलो पोटॅश असतं. तेवढं काळ्या दगडातून मिळवायचं तर तीन टनांच्या वर भुकटी लागेल, आणि तीही एका हंगामात विरघळणार नाही, वर्षं लागतात. एकराचे चाळीस गुंठे, एक गोणी पन्नास किलो, म्हणजे गुंठ्याला सव्वा किलो. चुलीतली राख त्याच्यापेक्षा जास्त काम करते.

दुसरी गोष्ट मातीची. मी तिथल्या बांधावरून मूठभर माती फडक्यात बांधून आणली. शाळेच्या प्रयोगशाळेतलं पातळ हायड्रोक्लोरिक आम्ल सरांना विचारून तिच्यावर टाकलं. माती सोड्यासारखी फसफसली. आपल्या वरकस रानातल्या तांबड्या मातीवर टाकलं, काहीच झालं नाही. लासुर्ण्याची माती चुनखडीची आहे. ती मुळात काळा दगड झिजूनच झालेली, त्यात आणखी काळा दगड दळून घालून काय मिळणार? स्फुरदाचा कच्चा दगडसुद्धा चुनखडीच्या मातीत विरघळत नाही, त्याला आंबट माती लागते. तिकडचं खरं दुखणं वेगळं आहे. कालव्याचं पाणी आणि बारमाही ऊस यांनी जमिनी खारवट-चोपण झाल्या. सरकारच्या शेतीखात्याने नीरा खोऱ्यातल्या खाऱ्या जमिनींवर १९१० सालीच पुस्तिका काढली होती, इतकं ते जुनं आहे. चोपण जमिनीला जिप्सम चालतं, आणि जिप्सम हा पण दळलेला दगडच. पण त्याच्याबरोबर चर काढून पाण्याचा निचरा करावा लागतो, नाहीतर पैसा गेला.

आपल्याकडं उलटं आहे. धो धो पावसाने चुना, मॅग्नेशियम धुऊन नेलं, लोह राहिलं, म्हणून माती तांबडी. अशा आंबट मातीत बारीक भुकटीचा काहीतरी उपयोग व्हायची आशा आहे. आपले बापजादे राब भाजत आले ते यासाठीच, राखेतलं पोटॅश आणि चुना रोपाला लगेच लागू पडतो. (राबाला चार फांद्या तोडल्या तर गार्ड कोयती जप्त करतो. अख्खा डोंगर फोडायला निघालेल्याला तो काय म्हणतो ते बघायचंय.)

म्हणून आमचं मत असं. भुकटी करून बघायला हरकत नाही, पण तिच्यासाठी डोंगर द्यायचा नाही. चालू क्रशरवर डस्टचे ढीग पडलेले असतात, चार गोण्या मागितल्या तर मिळतात. डोंगर गेला तर हिरडा गेला, खालचा झरा गेला, सुरुंगाने घरांना तडे. आणि त्या डोंगरावर आपले एकसाली प्लॉट आहेत. ते अजून नावावर नाहीत. कसतो हाच आपला पुरावा. तिथं खड्डा पडला की पुरावाच गेला.

कायदा पण ऐकून ठेवा. आपलं गाव अनुसूचित क्षेत्रात आहे. १९९६ च्या पेसा कायद्याप्रमाणे इथं दगड-मुरमाचा पट्टा द्यायच्या आधी ग्रामसभेची किंवा पंचायतीची शिफारस लागते. जमीन फॉरेस्टची असेल तर १९८० च्या वनसंवर्धन कायद्याखाली दिल्लीची मंजुरी लागते. मालकीच्या सातबाऱ्याची असेल तरी आदिवासीची जमीन बिगर आदिवासीला भाड्यानेसुद्धा कलेक्टरच्या परवानगीशिवाय देता येत नाही. तेव्हा कोऱ्या कागदावर अंगठा कुणी देऊ नका, खाणवाला चहा पाजून मागेल तरी. ग्रामसभेला बायांनीही यायचं. झऱ्याचं पाणी त्या भरतात, त्यांना विचारल्याशिवाय ठराव कसला?

ज्यांना भुकटी करून बघायची आहे त्यांनी नाचणीच्या एकाच तुकड्यात दोन-दोन गुंठ्यांच्या दोन पट्ट्या आखा. एका पट्टीला नुसतं शेणखत. दुसरीला तेवढंच शेणखत आणि शंभर किलो भुकटी, म्हणजे एकरी दोन टनांच्या हिशोबाने. भुकटी पिठासारखी पाहिजे, चाळून घ्या, खडा राहिला तर उपयोग नाही. ती आत्तापासून शेणाच्या खड्ड्यात थर देऊन मुरवा, कुजताना जे आम्ल सुटतं त्याने दगड थोडा लवकर सुटतो. दोन्ही पट्ट्यांची नाचणी वेगळी मळून वेगळी मोजायची, आणि तीन वर्षं मोजायची. पहिल्या वर्षी फरक दिसला नाही म्हणून सोडू नका, दिसला म्हणून नाचूही नका.

चैत्र संपायच्या आत नावं द्या, गाडी एकत्रच करू. भुकटी भरताना पाणी मारून ओली करायची आणि तोंडाला फडकं बांधायचं. ती धूळ छातीत बसते, क्रशरवर राबलेल्या कुणालाही विचारा.