सोनं अंगावर, सातबारा कुणाच्या नावावर?

आमच्या आचऱ्याची गावपळण प्रसिद्ध आहे. काही वर्षांनी एकदा, रामेश्वराचा कौल झाला की सारा गाव गुरंढोरं, कोंबड्या, भांडीकुंडी घेऊन तीन दिवस वेशीबाहेर राहायला जातो. अशाच एका गावपळणीत आम्ही आठ-दहा जणी झोपडीबाहेर बसलो होतो. मी सहज विचारलं, "बोचक्यात स्वतःच्या मालकीचं काय काय आणलंत?" आधी सगळ्या हसल्या. मग हिशेब निघाला. गळ्यातलं, कानातलं आणि दोघींकडे बचतगटाचं पासबुक. घर, माड, कलमं, होडी मागे गावात राहिली होती. त्यातलं काहीही आमच्यापैकी एकीच्याही नावावर नव्हतं.

आणि आम्हालाच उपदेश, की बायकांनी दीर्घ मुदतीची गुंतवणूक करावी! मासळी विकणारी, काजू सोलणारी, गोठा सांभाळणारी बाई गुंतवणूक जन्मभर करतेच आहे. फक्त खातं दुसऱ्याचं आहे.

सोनं म्हणजे स्त्रीधन, असं म्हणतात. माझ्या पाटल्या तीनदा गहाण पडल्या. होडीच्या इंजिनासाठी, दिराच्या मुंबईतल्या खोलीसाठी, नणंदेच्या लग्नासाठी. मला विचारलं नाही, सांगितलं. तिसऱ्या वेळी त्या सुटल्याच नाहीत. दुसऱ्याच्या अडचणीला जे सर्वांत आधी काढलं जातं, ती माझी ठेव कशी? ती घराची गंगाजळी. मी तिची खुंटी.

पण याहून मोठी चूक मी स्वतःच्या हाताने केली. वडील गेल्यावर महिन्याच्या आत हक्कसोडपत्र पुढे आलं. आईच म्हणाली, "बाय गो, सही करून टाक. नायतर म्हायार तुटतला." मी सही केली. भावाला कलमांची बाग मिळाली, मला दर मे महिन्यात आंब्याची एक पेटी.

मैत्रिणींनो, कायदा आपल्या बाजूने आहे. महाराष्ट्राने १९९४ मध्ये वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला जन्मसिद्ध वाटा दिला, पण आधी लग्न झालेल्यांना वगळलं. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने तो भेदही काढला. २००५ पूर्वी वडील वारले असले तरी मुलीचा हक्क बुडत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं. हा हक्क जातो तो बहुधा आपल्याच सहीने. म्हणून कुठल्याही योजनेआधी पहिली गुंतवणूक हीच: वाचल्याशिवाय, वकिलाला दाखवल्याशिवाय सही करायची नाही.

दुसरी, एकटीच्या नावाचं खातं. नवऱ्याच्या ठेवीवर 'नॉमिनी' म्हणून आपलं नाव आहे म्हणून निर्धास्त राहू नका. नॉमिनीच्या हाती पैसे येतात, मालकी वारसांची असते. तिसरी, सगळं एका ठिकाणी नको. बँक बुडाली तर एका बँकेतल्या पाच लाखांपर्यंतच्या ठेवीला विमा आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला तो नाही. 'युनिट ६४' लोकांना सरकारी ठेवीइतकी भक्कम वाटायची, तिचे व्यवहारही जुलै २००१ मध्ये थांबले होते. थोडं पोस्टात, थोडं पंधरा वर्षांच्या भविष्य निर्वाह खात्यात. जे दहा वर्षं लागणार नाही, तेवढंच शेअर बाजाराशी जोडलेल्या फंडात. आणि दामदुप्पट देणारा दारात आला, तर त्याला दारातूनच परत पाठवा.

कुणी म्हणेल, यात नातीगोती तुटतील. बहिणीने वाटा सोडला तरच टिकणारं नातं कुणाच्या सोयीचं आहे, ते एकदा मोठ्याने बोलूया. शेतकरी संघटनेच्या 'लक्ष्मीमुक्ती' मोहिमेत शेतकऱ्यांनी आपल्या बायकांच्या नावावर जमिनी केल्या, त्यांचे संसार काही मोडले नाहीत.

गटाच्या बैठकीत हप्ते मोजतोच. पुढच्या बैठकीला प्रत्येकीने घरचा आणि माहेरचा सातबारा आणावा. मी माझा आणणार आहे. त्यावर माझं नाव नाही, हे सगळ्यांना दाखवणार आहे. माझ्या मुलीपुढे मात्र हक्कसोडपत्र येणार नाही.