चव्हाट्यावरची तालीम

कलावंताने आपली विद्या चारचौघांत किती उघडी करावी, हा आपल्याकडील जुना वाद आहे. मोबाईलच्या पडद्याने तो पुन्हा उकरून काढला, इतकेच. फेसबुक, यूट्यूब, इन्स्टाग्राम ही नावे निघाली की संगीतक्षेत्रात दोन तट पडतात. एक तट म्हणतो, ही सारी उथळ प्रसिद्धीची साधने. खऱ्या साधकाने त्यांच्या वाऱ्यासही उभे राहू नये. दुसरा म्हणतो, जो दिसत नाही तो नसल्यातच जमा. तेव्हा रोज काहीतरी दाखवीत राहावे. मला दोन्ही मते अपुरी वाटतात. दोन्ही पक्षांनी ही साधने केवळ दाखविण्याची मानली आहेत. ती शिकण्याची साधने होऊ शकतील काय, हे कोणीच विचारीत नाही. आणि खेड्यापाड्यांतील कलावंतापुढे खरा प्रश्न तोच आहे.

मी हे लिहितो आहे ते डोईफोडियाहून. शहरातील वाचकांस हे गाव नकाशात शोधावे लागेल. बुऱ्हाणपूर जिल्ह्याच्या खकनार तालुक्यात, सातपुड्याच्या आश्रयाने, महाराष्ट्राच्या सीमेपासून जवळच ते वसले आहे. मराठी, हिंदी, निमाडी आणि कोरकू अशा भाषा ह्या भागात कानी पडतात. भजनाला माणसे जमतात, पेटीला आणि ढोलकीला हात लागतात. परंतु रागसंगीताची बैठक ऐकावयाची तर शहर गाठावे लागते. अशा ठिकाणी विद्यार्थ्याची अडचण सर्वांना दिसते. शिक्षकाची मात्र कोणाच्या ध्यानी येत नाही. जेथे आपल्याहून अधिक जाणणारा जवळपास नाही, तेथे शिक्षकाचा कान हळूहळू गंजू लागतो, कारण त्याची चूक धरणारा कोणी उरत नाही. डॉक्टरांना परिषदा असतात, शाळामास्तरांना प्रशिक्षणवर्ग असतात. खेड्यातल्या गाणाऱ्या मास्तराला काय असते?

माझे वडील दरबारी गवई होते. संस्थान विलीन झाले तेव्हा ते विशीत होते. मी त्यांच्या पन्नाशीनंतरचा मुलगा. विद्या झाकून ठेवण्याच्या रीतीत ते वाढले. त्या रीतीला नुसता कोतेपणा म्हणणे अन्यायाचे होईल. चीज हीच ज्यांची जमीन आणि चीज हेच ज्यांचे घर, त्यांनी ती कुलुपात ठेवली तर नवल कसले? पण दरबार गेला, तनखा आटला, कुलूप तेवढे राहिले. त्यांच्याजवळच्या कित्येक अस्ताया माझ्यापर्यंत अंतऱ्यावाचून आल्या. अंतरे त्यांच्याबरोबर गेले. झाकलेली विद्या सुरक्षित राहते, हा समज मी घरातच खोटा ठरलेला पाहिला आहे.

हे कुलूप काढण्याचे काम मोबाईलने प्रथम केले असे मात्र नव्हे. विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ साली लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढून संगीताचे शिक्षण सर्वांसाठी खुले केले. १९१६ साली बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने अखिल भारतीय संगीत परिषद भरली. तिच्यामागे पंडित भातखंडे होते. घराण्याघराण्यांतील बंदिशी मिळवून, त्या स्वरलिपीत बसवून, त्यांनी क्रमिक पुस्तकमालिकेच्या सहा भागांत छापल्या. विद्या अशी पुस्तकात आली म्हणून नाके मुरडणारे तेव्हाही होते. आज त्या पुस्तकांवाचून संगीत-शिक्षकाचे पान हलत नाही. पुढे प्रा. बी. आर. देवधरांनी ‘संगीत कला विहार’ मासिकातून थोर गवयांच्या आठवणी व त्यांच्या गायकीची चिकित्सा लिहिली. त्यातूनच ‘थोर संगीतकार’ हे पुस्तक सिद्ध झाले. आज ज्याला ब्लॉग म्हणतात ते याहून मुळात निराळे काय आहे? अभ्यासकाने आपला अभ्यास लिहावा, चौघांपुढे ठेवावा आणि कोणी दुरुस्ती सुचविली तर ती घ्यावी.

आपल्या काळातील ह्याचे मोठे उदाहरण म्हणजे मूळचे गोव्याचे राजन पर्रीकर. शिक्षणाने अभियंता असलेल्या ह्या गृहस्थांनी अमेरिकेत राहत असता रागांवर इंग्रजीत लेख लिहिले आणि लेखातच ध्वनिमुद्रणांचे तुकडे जोडून ते इंटरनेटवर सर्वांसाठी मोकळे ठेवले. एकच राग निरनिराळ्या घराण्यांचे गवई कसा मांडतात, हे वाचता वाचता ऐकण्याची सोय झाली. अलाहाबादचे व्यासंगी पंडित रामाश्रय झा ‘रामरंग’ यांच्याकडून त्यांनी कित्येक रागांची फोड दूरध्वनीवर करून घेतली. झाजी २००९ साली गेले. त्यांची समजावून सांगण्याची तऱ्हा मात्र आज डोईफोडियात बसून ऐकता येते. मला जे दहा वर्षांत कोणी सांगितले नसते, ते मी अशा रात्रींत ऐकले आहे.

तर मग गुरूची गरज संपली काय? ह्याचे उत्तर ग्रामोफोनच्या इतिहासात आहे. भीमसेन जोशी लहान असता अब्दुल करीम खाँसाहेबांची तबकडी ऐकून वेडावले आणि १९३३ साली गुरूच्या शोधात घराबाहेर पडले. गावोगाव हिंडून अखेर ते कुंदगोळास, खाँसाहेबांचेच शिष्य सवाई गंधर्व यांच्याकडे पोचले. तबकडीने त्यांना तहान लावली. पाणी गुरूच्या विहिरीचेच प्यावे लागले. कुमार गंधर्व बालवयात तबकड्या हुबेहूब वठवीत. पण मुंबईस देवधरांकडे आल्यावर त्या नकलेतून बाहेर पडण्याची वाट त्यांना सापडली. यूट्यूब ही आजची तबकडी आहे. तीतून तहान लागली तर तिचा उपयोग झाला. तीतच तहान भागली असे वाटले तर घात झाला.

ह्या साधनांनी तालीम कशी घडते आणि कशी बिघडते, हे मी येथे जवळून पाहिले. गावातील एक तरुण शेती सांभाळून माझ्याकडे शिकतो व गांधर्व मंडळाच्या परीक्षा देतो. त्याने भूप गाऊन दीड मिनिटाचा तुकडा फेसबुकवर ठेवला. अंगठे शेकड्यांनी वर झाले, फुलांची चित्रे आली, ‘क्या बात है’ आले. एका अनोळखी श्रोत्याने तेवढे लिहिले की, धैवतावर इतके थांबू नये, भूपाचा देशकार होतो. भूप आणि देशकार यांचे स्वर तेच पाच: सा, रे, ग, प, ध. पण भूपाचा जीव गांधारात, पूर्वांगात; देशकाराचा धैवतात, उत्तरांगात. मी हे त्याला वर्गात सांगितले होतेच. परंतु गुरूने सांगितलेले कानावरून जाते आणि परक्याने पकडलेले मनाला लागते. पुढचे दोन महिने आम्ही दोघांनी किशोरी आमोणकरांचा भूप आणि केसरबाई केरकरांचा देशकार पुन्हा पुन्हा ऐकला. धैवताला कोण कसे भेटते आणि कसे सोडते, हे वहीत टिपले. त्या टिपणांनी त्याच्याबरोबर माझाही भूप स्वच्छ झाला. शेकडो अंगठ्यांनी जे दिले नाही ते त्या एका ओळीने दिले.

ह्यावरून मी माझ्या विद्यार्थ्यांना काही गोष्टी लावून दिल्या आहेत. तयार गाणे दाखविण्याऐवजी अडलेले गाणे मांडावे आणि काय अडले ते दोन ओळींत लिहावे. जे ऐकले त्याची नोंद ठेवावी: गायक कोण, राग कोणता, ध्वनिमुद्रण केव्हाचे. यूट्यूबवर रागांची नावे पुष्कळदा चुकीची दिलेली असतात, म्हणून ती पडताळून घ्यावीत. दुसऱ्याच्या मैफलीचे ध्वनिमुद्रण त्याला विचारल्यावाचून पसरवू नये. त्याची भाकरी त्यावर आहे. आणि आपली मूळ वही आपल्यापाशीच ठेवावी. २०२० साली टिकटॉकवर बंदी आली, तेव्हा अनेकांनी तेथे जमविलेला श्रोतृवर्ग एका रात्रीत नाहीसा झाला. परक्याच्या ओसरीवर मांडलेला संसार असा कधीही उठू शकतो.

यंत्राच्या मर्यादाही ओळखल्या पाहिजेत. २०२० च्या टाळेबंदीत आम्हां शिक्षकांना त्या चांगल्याच कळल्या. दूरवर आवाज पोचण्यास किंचित उशीर लागतो, त्यामुळे गुरु-शिष्यांना एकत्र गाता येत नाही आणि तबला सम चुकवितो. त्याहून गंमतीची गोष्ट अशी की, संभाषणासाठी केलेल्या ह्या सोयी अखंड चालणाऱ्या आवाजाला गोंगाट समजून दाबून टाकतात. तंबोरा हा तर अखंड आवाज! म्हणजे ज्याच्या आधाराने सारे गाणे उभे राहते, त्यालाच यंत्र कचरा समजते. झूममध्ये मूळ आवाज तसाच पाठविण्याची सोय आहे; ती चालू करावी. किंवा तंबोऱ्यासह गाणे आधी मुद्रित करून गुरूकडे पाठवावे आणि त्याने सवडीने ऐकून उत्तर द्यावे. मला ही दुसरी रीतच अधिक मानवली. तीत गुरूला विचार करावयास आणि शिष्याला स्वतःचे गाणे परक्यासारखे ऐकावयास वेळ मिळतो.

मात्र ह्या सर्वांत एक मोठी उणीव आहे, आणि तीसाठीच हा लेखनप्रपंच. ज्यांना खरोखर कळते, ते जाणकार ह्या चव्हाट्यावर येत नाहीत. त्यांना तेथील गलबला सोसत नाही, हे मी समजू शकतो. पण ते येत नाहीत म्हणूनच तेथे नुसती वाहवा उरते, आणि वाहवेवर वाढलेला मुलगा आपण गवई झालो असे समजून तालीम सोडतो. ज्या इंदुरात उस्ताद अमीर खाँसाहेब वाढले, ज्या देवासात कुमारांनी आयुष्य काढले, त्या माळव्यात आजही चांगले ऐकणारे व चांगले शिकवणारे आहेत. त्यांतील प्रत्येकाने आठवड्यातून एक तास काढावा, खेड्यातल्या एका अनोळखी मुलाचे गाणे शेवटपर्यंत ऐकावे आणि त्याखाली एक खरी ओळ लिहावी. मानधन नाही, हारतुरे नाहीत, प्रवासाची दगदगही नाही. पूर्वी ह्या एका ओळीसाठी शिष्य वर्षानुवर्षे गुरूच्या घरी पाणी भरत असे. आज ती डोईफोडियापर्यंत पोचावयास क्षणही लागत नाही. लिहिणारा तेवढा पाहिजे.