ट्रॅक्टर आणि धन्याची जबाबदारी

लोखंडी नांगर आपल्या प्रांतात प्रथम आला, तेव्हा त्याच्या स्पर्शाने जमीन विषारी होते अशी समजूत पुष्कळ शेतकऱ्यांची होती. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांस आपले पहिले नांगर खपविण्यास किती सायास पडले, हे आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. ती भीती निराधार होती, हे पुढे अनुभवाने ठरले. परंतु आज चित्र अगदी उलटे झाले आहे. ज्या लोखंडास भिण्याचे कारण नव्हते त्यास आमचे आजे-पणजे भ्याले. आणि ज्या लोखंडाचे भय खरोखर बाळगावयास हवे, त्यावर आम्ही आपली लेकरेबाळे निर्धास्तपणे बसवितो. ट्रॅक्टर हा आजच्या शेतीचा मुख्य आधार आहे, याविषयी आमच्या मनात शंका नाही. त्याच्या उपयुक्ततेविषयी लिहिण्याची आता गरजही उरलेली नाही. परंतु त्याच्या धोक्याविषयी मात्र आपण शेतकरी फार थोडे बोलतो, आणि म्हणूनच आजचा हा लेखनप्रपंच.

४ एप्रिल २०२५ रोजी नांदेड जिल्ह्यातील आलेगाव शिवारात मजूर स्त्रियांस कामावर नेणारा ट्रॅक्टर ट्रॉलीसह विहिरीत कोसळला आणि ७ स्त्रिया प्राणास मुकल्या. सकाळी भाकरी बांधून घराबाहेर पडलेल्या त्या स्त्रिया कामाच्या शेतापर्यंतही पोहोचल्या नाहीत. ऑक्टोबर २०२२ मध्ये उत्तर प्रदेशात कानपूर जिल्ह्यात देवदर्शनाहून परतणाऱ्या मंडळींची ट्रॉली तळ्यात उलटून २० हून अधिक माणसे दगावली. त्यांत स्त्रिया व मुलेच बहुसंख्य होती. अशी मोठी वार्ता वर्तमानपत्रात येते, चार दिवस हळहळ होते, आणि पाचव्या दिवशी आपणच आपल्या ट्रॉलीत पंधरा माणसे बसवून खुरपणीस पाठवितो. एकेकट्या माणसाचा बांधावर जो मृत्यू होतो, त्याची तर वार्ताही गावच्या वेशीबाहेर जात नाही.

अशा प्रसंगी 'ड्रायव्हरचे लक्ष नव्हते' किंवा 'वेळ आली होती' असे दोन निकाल ठरलेले असतात. आम्हांस हे दोन्ही निकाल मान्य नाहीत. बैल आणि यंत्र यांतील भेद आपण नीट ओळखला नाही, हे खरे कारण होय. विहिरीच्या काठाशी आले की बैल आपण होऊन थबकतो. गाडीवान पेंगला तरी जनावर वाट सोडीत नाही. म्हणजे गाडीवानाच्या अकलेस बैलाच्या अकलेची जोड असते. ट्रॅक्टरास अशी अक्कल नाही. जी काय अक्कल असावयाची ती हाकणाऱ्याच्या ठायी, आणि त्याहूनही अधिक, त्यास यंत्र सोपविणाऱ्या धन्याच्या ठायी असली पाहिजे.

ट्रॅक्टर का उलटतो, हे एकदा समजले म्हणजे निम्मा धोका टळतो. मोटारीची चार चाके चार बाजूंस आधार देतात. ट्रॅक्टराचा पुढला आस मात्र मध्यभागी एका खिळीवर झुलता असतो. त्यामुळे चाके चार दिसली तरी त्याचा खरा पाया दोन मागली चाके व पुढली खीळ मिळून होणाऱ्या त्रिकोणाएवढाच असतो. त्यातच इंजिनाचा व धडाचा भार जमिनीपासून उंच. हा भार त्रिकोणाच्या रेषेबाहेर गेला की यंत्र आडवे झालेच. वळताना वेग दुप्पट केल्यास उलटविणारा जोर दुप्पट नव्हे तर चौपट होतो, हा गणिताचा नियम आहे. तो कोणाच्याही कौशल्याने बदलत नाही. रस्त्यावर दोन्ही ब्रेकांची पायदाने एकमेकांस कडीने जोडून ठेवावी लागतात, ती याचसाठी. शेतात आखूड वळणास एका चाकाचा ब्रेक सोयीचा असतो. परंतु तीच कडी सोडलेली ठेवून डांबरी रस्त्यावर वेगात एकच ब्रेक दाबला गेला, तर ट्रॅक्टर जागच्या जागी फिरून आडवा होतो. काठाच्या बाबतीत एक सोपा ठोकताळा आहे. चर, ओढा वा विहीर जितकी खोल, निदान तितके अंतर काठापासून राखावे. कारण भाराने काठ खचतो, आणि खचण्यापूर्वी सूचना देत नाही.

मागच्या बाजूस उलटणे याहून भयंकर. चिखलात मागली चाके रुतली असता पुष्कळ लोक चाकापुढे ओंडका किंवा दगड घालून जोराने क्लच सोडतात. चाक अडते, इंजिन थांबत नाही. मग इंजिनाचा सारा जोर ट्रॅक्टराचे पुढले अंग उचलण्याकडे लागतो. पुढील चाके उचलल्यापासून यंत्र चालकाच्या अंगावर येईपर्यंत सुमारे दीड सेकंद जातो. इतक्या अवधीत उडी मारण्याचा विचार मनात येणेही कठीण. रुतलेला ट्रॅक्टर मागे घेऊन काढावा, न निघाल्यास दुसऱ्याने ओढावा. तसेच ओढावयाचे ओझे नेहमी खालच्या ड्रॉबारासच बांधावे. वरच्या टॉप लिंकच्या जागी साखळी अडकवून ओंडका ओढणे म्हणजे आपल्या हाताने ट्रॅक्टर आपल्यावर पाडणे होय.

या दोन्ही संकटांवर उपाय निघालेला आहे. चालकाच्या आसनामागे मजबूत पोलादी संरक्षक कमान बसविली आणि चालकाने कमरेस पट्टा बांधला, तर ट्रॅक्टर उलटूनही माणूस बहुधा वाचतो. स्वीडन देशाने १९५९ साली नव्या ट्रॅक्टरांवर अशी कमान सक्तीची केली आणि उलटण्याने होणारे मृत्यू पुढील काळात तेथे जवळजवळ नाहीसे झाले. आपल्याकडे उन्हासाठी जे पातळ पत्र्याचे छत बसवितात, त्यास कोणी कमान समजू नये. ते भाराखाली कागदासारखे चेपते. येथे आणखी एक इशारा देणे आमचे कर्तव्य आहे. कमान असेल तेव्हा पट्टा अवश्य बांधावा. कमान नसेल तर मात्र बांधू नये, कारण मग सुटण्याची उरलीसुरली संधीही जाते.

पी.टी.ओ.च्या दांड्याविषयीही तीच बेफिकिरी दिसते. हा दांडा मिनिटास ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदास ९. त्यात धोतराचा सोगा, लुगड्याचा पदर किंवा उपरण्याचे टोक सापडले, तर एका सेकंदात सुमारे २ मीटर कापड गुंडाळले जाते. ओरडण्यापूर्वीच हात दांड्यापाशी पोहोचलेला असतो. कारखान्याने या दांड्यावर दिलेले आवरण वंगण भरण्यास अडचण होते म्हणून काढून गोठ्यात टाकलेले आम्ही कितीतरी ठिकाणी पाहिले आहे. मळणीयंत्रात हात गमावणाऱ्यांची संख्या वाढली म्हणून १९८३ साली केंद्र सरकारने धोकादायक यंत्रांविषयी स्वतंत्र कायदा केला. परंतु खळ्यावर कायदा येत नसतो, तेथे धनीच असतो. आवरण जागेवर असावे, आणि दांडा थांबून यंत्र बंद झाल्याशिवाय रोटाव्हेटरात अडकलेला पाला कोणी हाताने काढू नये, एवढा दंडक त्याने घालावा.

आता निगेविषयी. बैलास पेंड चारल्यावाचून आपण जेवत नसू. यंत्रास मात्र बंद पडल्यावाचून कोणी पाहत नाही. रोज सकाळी सुरू करण्यापूर्वी इंजिनाचे ऑइल व रेडिएटरचे पाणी पाहावे. तापलेल्या रेडिएटरचे झाकण मात्र उघडू नये. धुळीच्या दिवसांत एअर क्लीनरची वाटी साफ करून तिच्यात नवे ऑइल भरावे, डिझेल फिल्टरमध्ये साचलेले पाणी काढावे, चाकांतील हवा व नटबोल्ट तपासावे. ही कामे पाव तासाची आहेत. स्टार्टर बिघडला म्हणून खाली उभे राहून पेचकसाने तारा जोडून इंजिन चालू करण्याची खोड तर सर्वस्वी टाकावी. गिअर पडलेला असल्यास ट्रॅक्टर जागचा हलतो आणि तारा जोडणारा त्याच्या मोठ्या चाकापुढेच उभा असतो. ट्रॅक्टर सोडून जाताना नांगर किंवा फाळ जमिनीवर टेकवावा, हातब्रेक ओढावा व किल्ली खिशात घालावी. किल्ली खुंटीवर टांगलेली असली की ती दहा वर्षांच्या मुलाच्याही हाती लागते.

येथवर सांगितले ते बहुतेक चालकाने पाळावयाचे. परंतु ते पाळण्याची सोय करून देणे धन्याच्या हाती आहे. गळीत हंगामात एका ट्रॅक्टरामागे दोन-दोन ट्रॉल्या, त्यांस स्वतःचे ब्रेक नाहीत, मागे दिवा नाही, तांबडी परावर्तक पट्टी उसाच्या वाढ्यांखाली झाकलेली, आणि चालकास खेपेवर मोबदला. ज्यास खेपेवर पैसे मिळतात तो झोप मोडूनही खेप वाढविणारच. उतारावर डिझेल वाचविण्यासाठी तो गिअर काढून टाकतो. मग मागील कित्येक टनांचा भार ट्रॅक्टरास ढकलू लागतो आणि ब्रेक पुरे पडत नाहीत. ज्या गिअरात चढ चढावा त्याच गिअरात उतरावे, हा नियम त्यास ठाऊक नसतो असे नाही. पण घाई लावणारा कोण? रात्री उभ्या ट्रॉलीवर मोटारसायकल आदळून तरुण मुलगा गेला, तर तो दोष चालकाचा म्हणावा की ५० रुपयांची पट्टी न लावणाऱ्या धन्याचा?

यावर आक्षेप येतील, ते आम्ही जाणतो. पहिला आक्षेप असा की, मजुरांस नेण्यास दुसरे वाहन कोठे आहे? आक्षेप खोटा नाही. परंतु एका शिवारातील चार-पाच शेतकऱ्यांनी मिळून प्रवासी वाहन भाड्याने ठरविल्यास प्रत्येकावर येणारा बोजा असह्य होत नाही, आणि अंतर थोडे असेल तर चालत जाणेही ट्रॉलीहून बरे. दुसरा आक्षेप खर्चाचा. कमान, आवरण, परावर्तक व ट्रॉलीचे ब्रेक यांस पैसे लागतात, हे खरे. परंतु नव्या म्युझिक सिस्टिमास आणि रंगीबेरंगी दिव्यांस जो पैसा निघतो, तो येथे का निघू नये? शिवाय ट्रॉलीत बसविलेल्या माणसांची भरपाई देण्यास विमा कंपन्या हरकत घेतात आणि तो बोजा धन्याच्या जमिनीवर येऊ शकतो, हेही ध्यानी असावे. तिसरा आक्षेप, 'आमचा मुलगा लहानपणापासून चालवितो, त्यास काही होत नाही.' २०१९ च्या दुरुस्तीनुसार अज्ञान मुलाने वाहन चालवून गुन्हा केल्यास पालकास वा मालकास ३ वर्षांपर्यंत कैद व २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. पण कायद्याचे भय राहू द्या. मडगार्डवर नातवास बसवून शिवारातून फेरी मारण्याची हौस आम्हांसही होती, हे आम्ही कबूल करतो. एकदा बांधावरून उतरताना पोर चाकाकडे घसरले. सदऱ्याची कॉलर हाती आली म्हणून वाचले. त्या दिवसापासून आमच्या ट्रॅक्टरावर एकच आसन आणि एकच माणूस, हा नियम झाला. नियम शिकण्यास असा प्रसंग यावाच लागतो, असे मात्र नाही.

आमची सूचना साधी आहे. दसऱ्यास आपण सारे ट्रॅक्टर धुऊन त्यास झेंडूच्या माळा घालतो. त्याच दिवशी, माळ घालण्यापूर्वी, ब्रेक, दिवे, ट्रॉलीची पिन व तिची कडी, परावर्तक आणि पी.टी.ओ.चे आवरण हे पाच जिन्नस तपासावे. गळीत हंगाम त्यानंतरच सुरू होतो. दुसरी तपासणी अक्षय्य तृतीयेस, पावसाळी मशागतीपूर्वी करावी. शिवारातील कठडा नसलेल्या विहिरींस मालकांनी कठडे बांधावे. तोवर निदान काटेरी कुंपण तरी घालावे. संस्थेच्या सभासदांनी आपल्या ट्रॉलीत माणसे न बसविण्याचा निश्चय येत्या वार्षिक सभेत एकमुखाने करावा, आणि नवा ट्रॅक्टर घेताना प्रथम कमानीची चौकशी करावी, मग सवलतीची.

आपले वाडवडील बैलाच्या खांद्यास जू लागले आहे की काय, हे रोज संध्याकाळी हात फिरवून पाहत. मुक्या जनावराविषयी ज्यांस इतकी कळकळ, त्यांच्या वंशजांनी आपल्या शेतावर राबणाऱ्या माणसाविषयी त्याहून कमी कळकळ बाळगावी, हे आम्हांस शोभत नाही. सकाळी आपल्या घरून निघालेला प्रत्येक जण संध्याकाळी धडधाकट परत येणे, हेदेखील शेतीचे उत्पन्नच होय. आणि त्याचा हिशेब धन्यानेच ठेवावयाचा आहे.