फडक्याने हरवलेला नारू



मागे एकदा शाळेत सातवीच्या मुलींना मी सहज विचारलं, “नारू म्हणजे काय गं?” एकीचाही हात वर गेला नाही. घरी येऊन सासूबाईंना सांगितलं, तर त्यांनी लुगड्याचा काठ जरा वर करून घोट्याजवळचा व्रण दाखवला. म्हणाल्या, “बरं झालं बाई, पोरींना ठाऊक नाही ते!”

त्यांच्या माहेरी, लोह्याजवळच्या खेड्यात, पायऱ्यांची विहीर होती. बायका पायऱ्या उतरून, पाण्यात पाय बुडवूनच घागर भरत. पायाला नारूचा फोड असलेलं कुणी पाण्यात उतरलं, की नारूची मादी तिथे असंख्य पिले सोडी. विहिरीतले ठिपक्याएवढे पाणकिडे ती पिले गिळत आणि तेच पाणी घरात प्यायलं जाई. मग साधारण वर्षभराने दीड-दोन हात लांबीचा, सुतासारखा जंत कातडी फोडून बाहेर येई. तो काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढायचा. मध्येच तुटला, तर पाय सुजून पिकायचा. ऐन कामाच्या दिवसांत माणूस खाटेवर!

या रोगावर ना लस होती, ना औषध. मग तो गेला कसा? १९८३-८४ मध्ये देशात नारू निर्मूलनाचा कार्यक्रम सुरू झाला. तेव्हा महाराष्ट्रासह सात राज्यांत मिळून वर्षाला सुमारे ४० हजार रुग्ण होते. गावोगाव रुग्ण शोधले गेले. विहिरींच्या पायऱ्या बंद करून वरून पाणी शेंदायची सोय झाली, हातपंप बसले, पाण्यात किडे मारण्याचे औषध पडले. आणि घरोघरी सांगितलं गेलं, पिण्याचे पाणी दुपदरी फडक्याने गाळा. पाणकिडा फडक्यात अडकला की नारूची वाटच बंद! देशातला शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानात सापडला. फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त ठरवला. आरोग्य कर्मचाऱ्यांचे श्रम मोठे, यात शंका नाही. पण हंड्याच्या तोंडाला रोज फडकं बांधणारे हात आपल्या सासवा-आयांचे होते.

आता माझी चूक सांगते. सासूबाईंचं पाहून मीही पाणी गाळून भरते आणि त्यावर निर्धास्त होते. एका पावसाळ्यात धाकट्याला कावीळ झाली. डॉक्टरांनी विचारलं, “पाणी उकळता का?” मी म्हटलं, “गाळते की!” ते म्हणाले, “वहिनी, कावीळ फडक्यात अडकत नाही.” पोर दीड महिना घरी होतं. तेव्हा कळलं, फडक्याने पाणकिडा अडतो. कावीळ, विषमज्वर, पटकी यांचे जंतू आरपार जातात.

तेव्हा फडकं सोडू नका, पण त्यावर थांबूही नका. पाणी आधी गाळा, मग खळखळून उकळी येऊ द्या. गॅस परवडत नसेल, तर क्लोरीनचे औषध बाटलीवर लिहिलेल्या मापाने टाका आणि अर्धा तास थांबा. माठ झाकून ठेवा, पाणी ओगराळ्यानेच काढा. हात बुडवलात, तर केलेलं सगळं वाया. आणि फडकं रोज धुऊन उन्हात वाळवा, बरं का!

सासूबाईंच्या पिढीने आपल्या मुलींना नारू विसरायला लावला. आपल्या मुलींनी कावीळ विसरावी, एवढं आपण करू या.