डोंगराची सही

दारू या विषयावर लिहिण्याचा मला काडीचाही अधिकार नाही. द्राक्षाच्या रसाशी माझा संबंध एवढाच की लहानपणी पोट बिघडले की आई दोन चमचे द्राक्षासव पाजायची, आणि त्या दोन चमच्यांसाठी मी पोट वरचेवर बिघडवून घ्यायचो. पण हा विषय दारूचा नाहीच. हा विषय सहीचा आहे. आणि वीस वर्षे काउंटरमागे बसून दुसऱ्यांच्या सह्या पडताळण्यात ज्याने आपले डोळे घालवले, त्याने सहीबद्दल बोलायचे नाही तर कोणी बोलायचे?

झाले असे की, आमचे साडू जर्मनीत असतात. त्यांच्याकडे गेलो असताना फ्रांकफुर्टच्या एका दुकानात मला वाइनची बाटली दिसली. 'पीसपोर्टर मिशेल्सबेर्ग'. नाव भारदस्त, अक्षरे वळणदार, किंमत चार युरोच्या आत. आमच्या साहेबांना भेट द्यायला याहून स्वस्त आणि याहून महाग दिसणारी वस्तू युरोपात मिळणार नाही, अशी खात्री पटून मी ती घेतली.

दोन दिवसांनी साडूंनी आम्हां उभयतांना मोझेल नदीकाठी फिरायला नेले, तो समोर पाटी: पीसपोर्ट! म्हणजे माझ्या बाटलीचे माहेरच की. नदीने तिथे एक झोकदार वळण घेतले आहे आणि वळणाच्या बाजूने दक्षिणेकडे तोंड करून उभा डोंगर आहे, नाट्यगृहाच्या बाल्कनीसारखा. त्या डोंगरावर पायथ्यापासून माथ्यापर्यंत द्राक्षे.

गावात एका कुटुंबाची वाइनरी होती. वाइनरी म्हणजे काय, तर वर घर, खाली तळघर, आणि आजोबा, मुलगी, जावई असा एकूण स्टाफ. त्यांची बाटली होती 'पीसपोर्टर गोल्डट्रॉप्फशेन'. गोल्डट्रॉप्फशेन म्हणजे सोन्याचा थेंब. किंमत चौदा युरो. मी पडलो कॉमर्सचा पदवीधर. गाव तेच, पहिले नाव तेच, आणि भाव साडेतीनपट?

"साडूभाऊ, विचारा बरं त्यांना, हे जादा दहा युरो कशाचे?"

"अहो, असं विचारत नाहीत इथं," साडू कुजबुजले.

पण त्या मुलीला माझ्या चेहऱ्यावरचे मराठी वाचता आले असावे. ती काही बोलली नाही. तिने आम्हांला डोंगर चढायला लावला.

त्या चढाचे वर्णन मी करणार नाही. माझे गुडघे अजून करीत आहेत. पायाखाली सगळी पाटीच्या दगडाची चिपाडे. आपण शाळेत ज्या दगडाच्या पाटीवर गमभन गिरवले, तोच हा दगड. दिवसा ऊन साठवतो आणि रात्री वेलीला ऊब देतो. ट्रॅक्टर तिथे उभा राहत नाही, माणूस जेमतेम राहतो. प्रत्येक वेलीला स्वतःचा खांब. तिच्या दोन फांद्या वळवून हृदयाच्या आकारात त्या खांबाला बांधायच्या, त्याही हातांनी. छाटणी हातांनी, तोडणी हातांनी. पावसाने दगड खाली घसरले की पुन्हा वर चढवायचे. आमच्याकडे पेंडिंग कामाचे ढीग खालून वर जातात, एवढेच काय ते साम्य.

आणि काही वेली शंभरीच्या पुढच्या! एकोणिसाव्या शतकात फिलॉक्सेरा नावाच्या किडीने युरोपातल्या द्राक्षबागा फस्त केल्या. तेव्हापासून तिथला वेल बहुतेक ठिकाणी अमेरिकन मुळांवर कलम करून लावतात. पण या दगडात त्या किडीला फारसे करमत नाही, म्हणून इथे अजून काही रीसलिंगच्या वेली स्वतःच्या मुळांवर उभ्या आहेत. घड थोडे देतात, पण देतात ते बाजारात मोजून दाखवता न येणारे असे काही देतात.

माथ्यावर पोचल्यावर मुलीने नदीपलीकडे आणि मागच्या बाजूला दूरवर हात केला. "तुमची बाटली बहुतेक तिकडची." पाहिले, तर सपाट जमीन, यंत्राने काम होईल अशी. गावेही दुसरीच.

इथे माझ्यातला कारकून जागा झाला. दुसऱ्या गावची द्राक्षे आणि नाव पीसपोर्टचे?

त्याचे उत्तर 1971 चा जर्मन वाइन कायदा. त्याआधी देशात द्राक्षमळ्यांची सुमारे 30,000 नावे होती. कायद्याने ती 2,600 च्या आसपास आणली. स्वतंत्र नाव हवे तर मळा साधारणपणे किमान 5 हेक्टरांचा हवा. किमान शिल्लक नसली की खाते बंद, तसे. पिढ्यान् पिढ्या वेगळी ओळख असलेले तुकडे शेजाऱ्याच्या पोटात गेले. वर आणखी एक सोय केली: अनेक गावांचा मोठा टापू करून त्याला एक नाव द्यायचे आणि पुढे एखाद्या नामांकित गावाचे नाव जोडायचे. मिशेल्सबेर्ग हा असा टापू, आणि गोल्डट्रॉप्फशेन हा खरा डोंगर. लेबलावर दोन्ही सारखीच दिसायची. यातला डोंगर कोणता आणि सस्पेन्स अकाउंट कोणते, हे गिऱ्हाइकाने कुठून ओळखायचे?

बरे, प्रत कशावरून ठरवायची? तर रसातल्या साखरेवरून. ओक्सले नावाच्या सोनाराने शोधलेल्या मापाने रसाची घनता मोजायची आणि आकड्याप्रमाणे पदवी द्यायची. डोंगर आहे की सपाटी, वेल आजोबांचा की परवाचा, हे विचारायचेच नाही. मग सपाटीवर लवकर पिकणारी म्यूलर-थुरगाऊ लावावी आणि पदवी खिशात घालावी. 1787 मध्ये त्रिएरच्या इलेक्टर-आर्चबिशपने हलक्या वेली काढून चांगल्या जातीच्या लावायचा हुकूम काढला होता. त्या आर्चबिशपला जे कळत होते ते लोकशाहीला कळू नये?

आता तुम्ही म्हणाल, तीस हजार नावे लक्षात कोण ठेवणार? सोय नको का? अहो, आमच्या शाखेत पाटील आडनावाची खाती शेकड्यांनी आहेत. म्हणून सोयीसाठी सगळ्या पाटलांचे पैसे आम्ही एका खात्यात टाकत नाही. टाकले तर सगळे पाटील मिळून आम्हांला कुठे टाकतील ते सांगायला नको.

सौ. इतका वेळ एका खांबाला धरून दम खात होती. ती म्हणाली, "म्हणजे आपल्या देवगडच्या पेटीसारखंच की! वर छाप देवगड, आत आंबा कर्नाटकचा."

कॉमर्सची पदवी मला आहे, पण मुद्दा नेहमी तिला सापडतो.

शिवाय हा नुसता नावाचा प्रश्न नाही. चार युरोची पीसपोर्टर दुकानात मिळाल्यावर चौदा युरोच्या पीसपोर्टरला गिऱ्हाईक काय विचारणार? मी विचारले तेच! आणि हाच प्रश्न पन्नास वर्षे ऐकून घेत ज्यांनी डोंगर चढायचा, त्यांची पोरे शेवटी शहरात नोकरी धरतात. मोझेल खोऱ्यातल्या द्राक्षबागा 1990 च्या सुमारास 12,000 हेक्टरांच्या वर होत्या, आज 9,000 च्या आत आहेत. सोडून द्यायची वेळ आली की माणूस आधी उभा चढ सोडतो, सपाटी नाही. त्या वळणावरही अधूनमधून काटेरी झुडपांचे चौकोन दिसत होते. बोट करून मी विचारले, तेव्हा मुलगी फक्त त्या त्या घराचे नाव सांगत गेली.

आता जर्मन सरकारला जाग आली आहे. 2021 मध्ये त्यांनी नियम बदलले: जागा जितकी नेमकी, तितकी प्रत वरची, असे तत्त्व ठरले. जुन्या लेबलांना मात्र 2025 च्या हंगामापर्यंत मुदत दिली. म्हणजे खोटी सही सापडली, ती खोटी आहे असेही ठरले, आणि मग खातेदाराला सांगितले की तोवर चेक वटवत राहा. इतकी सवलत आमचे मॅनेजर सख्ख्या भावालाही देणार नाहीत.

खाली उतरल्यावर आजोबांनी तळघरात ग्लास भरला. मी लाजत घोटभर घेतला. जेमतेम आठ टक्के अल्कोहोल, थोडी गोडी, थोडा आंबटपणा आणि मागे त्या ओल्या दगडाचा वास. आईने हे द्राक्षासव म्हणून दिले असते तर माझे पोट आजतागायत बरे झाले नसते. चौदा युरो मुकाट्याने मोजले. ती बाटली घरी आणून आम्ही दोघांनी संपवली.

साहेबांना ठरल्याप्रमाणे चार युरोवालीच दिली. त्यांनी लेबल सगळ्या स्टाफला फिरवून दाखवले आणि विचारले, "पीसपोर्टर! ही ती डोंगरावरची प्रसिद्ध वाइन ना?"

"होय साहेब," मी म्हणालो. वीस वर्षांत सही जुळत नसताना पास केलेला तो माझा पहिला चेक.