जमेच्या बाजूचा आठवडा

महाराष्ट्रातील साठीच्या आसपास पोचलेल्या पिढीचे एक वैशिष्ट्य म्हणजे तिच्यातील असंख्य माणसे कागदोपत्री एकाच दिवशी जन्मलेली आहेत. तो दिवस म्हणजे १ जून. मूल वडिलांचे बोट धरून शाळेत यायचे, गुरुजी जन्मतारीख विचारायचे आणि वडील 'मोठा पूर आला त्या साली' असे काहीतरी सांगायचे. शाळेचे वर्ष जूनमध्ये सुरू होई. म्हणून गुरुजी वय बसेल असे साल धरून १ जून लिहून मोकळे होत. महिन्याच्या पहिल्या तारखेला जन्मलेला नोकरदार आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो, असा नियम आहे. त्यामुळे दरवर्षी ३१ मे रोजी कचेऱ्याकचेऱ्यांत निरोपसमारंभांची दाटी होते. बँकेत असताना खातेदारांचे अर्ज चाळताना हा १ जून इतक्या वेळा समोर येई, की पुढे पुढे त्याचे हसूही येईनासे झाले.

आमच्या अहमदपूरच्या मोंढ्यातील एक आडत व्यापारी आणि त्यांच्या सौभाग्यवती यांचीही कागदावरची जन्मतारीख १ जूनच. त्यांचे कॅश क्रेडिट खाते अनेक वर्षे माझ्या टेबलावर होते, म्हणून हे मला ठाऊक. येथे त्यांना आपण शेठ आणि वहिनी एवढेच म्हणू. दोघांचे खरे जन्मदिवस मात्र घरच्या वडीलधाऱ्यांनी तोंडपाठ ठेवले होते. शेठ जन्मले ते येळवशीच्या दिवशी, सारा गाव शिवारात गेलेला असताना. वहिनींच्या आई सांगत, "येळवस आठवड्यावर आली होती, आंबिलीची ज्वारी निवडायला घेतली होती, तेवढ्यात ही झाली." म्हणजे एकाची तिथी मार्गशीर्ष अमावास्या आणि दुसऱ्याची त्याआधीची नवमी. लग्नाला एकोणचाळीस वर्षे झाली, पण या दोन तिथींच्या मधला आठवडा त्यांनी कधी एकत्र घालवला नव्हता. कारण आपणा सर्वांना परिचित आहे. गादीवर कोणीतरी बसावे लागते.

गेल्या मार्गशीर्षात तो आठवडा त्यांनी काढला. एका कुटुंबाची ही हकीकत या सदरात सविस्तर मांडतो आहे, कारण ती आपल्यापैकी बहुतेक घरांची होऊ शकते.

दोन वर्षांपूर्वी शेठांच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसवावा लागला. पथ्यपाणी सांभाळले, परंतु 'रोज अर्धा तास चाला' हा डॉक्टरांचा सल्ला मोंढ्याच्या दारातच अडकून पडे. चालायला निघाले की वाटेत शेतकरी भेटे, हमाल भेटे, भावाची चौकशी होई आणि पावले आपोआप गाळ्याकडे वळत. मुलाने युक्ती काढली. डॉक्टरांना विचारून त्याने दोन सायकली आणल्या, एक वडिलांना आणि एक आईला. "अण्णा, सायकलवर असताना कोणी उभे करून भाव विचारत नाही," असे तो म्हणाला.

वहिनी माहेरी, उदगीरला, शाळेत सायकलवर जात. लग्नानंतर ती सुटली. कोणी मनाई केली नव्हती. सून सायकल चालवील ही गोष्टच कोणाच्या मनात आली नाही आणि त्यांनीही ती कधी बोलून दाखवली नाही. आता अठ्ठावन्नाव्या वर्षी त्या पहाटे एका शाळेच्या मैदानावर सराव करू लागल्या. उजाडण्यापूर्वी घरी परतायचे असा त्यांचाच दंडक होता. नातवंडे असलेली बाई सायकलवर, हे पेठेने पाहू नये एवढीच इच्छा.

आठवड्याची निवड व्यापाऱ्याला शोभेल अशी होती. सोयाबीनची आवक ओसरलेली आणि नवी तूर बाजारात यायला अवकाश. मुलाशी करार झाला: दिवसभर फोन करायचा नाही, संध्याकाळी रोजमेळ जुळल्यावर एकदाच बोलायचे.

नवमीला वहिनींचे औक्षण झाले आणि त्या दिवशी दोघे प्रथमच उजाडल्यावर बाहेर पडले. वाट मोंढ्यातूनच होती. शेठ पुढे, वहिनी मागे. हमाल थांबून पाहू लागले, एका दुकानातून कोणीतरी हसल्याचा आवाज आला. वहिनी नंतर माझ्या पत्नीला म्हणाल्या, "हँडल इतके घट्ट धरले होते की बोटे दुखली. पण त्या हसण्यानंतर दहा पावलांवर एक शाळकरी पोरगी उभी होती. तिने हात हलवला आणि माझी बोटे सैल झाली." पुण्याहून लेकीचा व्हिडिओ कॉल आला. नातवंडांच्या हट्टाखातर अंड्याविना केलेला केक आला आणि सूर्यास्तापूर्वी संपलाही.

दशमीला त्यांनी शिवारातील रस्ता धरला. नांदेड-लातूर महामार्ग आता रुंद व गुळगुळीत असला तरी त्यावरची वाहने सायकलस्वाराला जुमानत नाहीत. गावांना जोडणारे लहान रस्तेच बरे. मार्गशीर्षातील आमचे शिवार पाहण्याजोगे असते. ज्वारी हुरड्याला आलेली, हरभऱ्याला घाटे धरू लागलेले, बांधालगत करडई. शेठ आयुष्यभर हे धान्य पोत्यात पाहत आले, ओंजळीत घेऊन त्याची प्रत सांगत आले. उभ्या पिकातून सावकाश जाण्याची वेळ क्वचितच आली होती.

एकादशीला आम्ही उभयताही त्यांच्यासोबत चाकूर तालुक्यातील वडवळ नागनाथच्या बेटावर गेलो. आमच्याकडे बेट म्हणतात ते पाण्यातले नव्हे, तर सपाटीतून एकटाच वर आलेला डोंगर. या बेटावर औषधी वनस्पती विपुल आहेत आणि त्यांच्या अभ्यासासाठी लांबून लोक येतात. शेठ दर पन्नास पावलांवर थांबत होते आणि वहिनी काही न बोलता त्यांच्यासोबत थांबत होत्या. घाई करणारे कोणी नसले की डोंगर चढवतो.

द्वादशीला ते उदगीर तालुक्यातील हत्तीबेटावर गेले. येथे खडकात कोरलेल्या गुहा आहेत आणि निजामी राजवटीच्या अखेरच्या काळात स्वातंत्र्यसैनिकांनी याच परिसरात रझाकारांशी लढा दिला. संध्याकाळी परतताना ठरल्याप्रमाणे फोन झाला. मुलाने आकडे सांगितले आणि शेवटी सहज म्हणाला, "दुपारी एका पट्टीवरून वांधा झाला होता, अण्णा. शेतकरी वजनाला हरकत घेत होता. फरक आपण सोसला, मिटवून टाकले."

शेठ गप्प झाले. रक्कम किरकोळ होती. आपल्याला विचारले नाही, हे त्यांना लागले. बराच वेळ गाडीत कोणी बोलले नाही. मग वहिनी म्हणाल्या, "अहो, लग्नानंतरच्या पहिल्याच हंगामात तुम्हीही मामंजींना न विचारता असाच एक वांधा मिटवला होता. ते आठ दिवस तुमच्याशी बोलले नव्हते. तुम्ही त्या आठ दिवसांत किती वाळलात, ते मी पाहिले आहे." शेठांनी पुन्हा फोन लावला आणि मुलाला एवढेच सांगितले, "ठीक केलेस."

माझ्या मते त्या आठवड्यातील सर्वांत अवघड चढण ती होती. बँकेच्या नोकरीत मी अनेक चांगल्या पेढ्या कर्ता अचानक गेल्यामुळे खिळखिळ्या होताना पाहिल्या. मुले हुशार होती, भांडवल होते. फक्त त्यांना एकट्याने निर्णय घेण्याचा सराव कोणी दिलेला नव्हता. कर्जाच्या अर्जासोबत आम्ही ताळेबंद मागत असू, तारण पाहत असू. 'मालक आठ दिवस दुकानात नसेल तर काय होईल?' हा प्रश्न मात्र कोणत्याही अर्जात नव्हता. तो असता, तर पुष्कळ पेढ्यांची खरी स्थिती कळली असती.

त्रयोदशीला दोघे लातूरमार्गे धाराशिवला गेले. शहरालगतची लेणी पाहिली आणि मुक्कामाला कुंथलगिरीला पोचले. आपल्या अहमदपूरभोवतीचा बालाघाट तिथवर पसरलेला आहे. कुलभूषण व देशभूषण या बंधू मुनींचे हे निर्वाणस्थान आणि आचार्य शांतिसागर महाराजांनी १९५५ साली सल्लेखनापूर्वक देह ठेवला तो हाच डोंगर. चतुर्दशीचे पर्व असल्याने त्या दिवशी सायकल नव्हती, फिरणे नव्हते. दोघे पायऱ्या चढून गेले आणि बराच वेळ बसून राहिले. शेठ मला नंतर म्हणाले, "जिथे माणसांनी सर्वस्व सोडले, तिथे बसून मी मनात गाळ्याची आवक मोजत होतो. आठ दिवस गादी सोडताना मला इतका त्रास झाला, याची तिथे लाज वाटली आणि मग हसू आले."

अमावास्येला येळवस. लातूर, धाराशिव, नांदेड या भागाबाहेरील वाचकांसाठी थोडे सांगतो. या दिवशी बाजारपेठा ओस पडतात आणि सारे शेतात जातात. कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभारून तिच्यात पांडवांची पूजा होते. मग भज्जी, बाजरीचे उंडे आणि आंबील. ज्यांना शेत नाही, त्यांना शेतकरी आग्रहाने बोलावतात. शेठांना दरवर्षी अनेक आमंत्रणे येत. ते एखाद्या ठिकाणी उभ्या उभ्या जाऊन येत. या वेळी ते सायकलवर, वहिनींसह, एका जुन्या शेतकऱ्याच्या कोपीत पोचले. त्या घराने आठवणीने कांदा-लसूण व कंदमुळे न घालता भज्जी वेगळी शिजवली होती. शेठांचा वाढदिवस त्यांना ठाऊक नव्हता. वहिनींनी सांगताच म्हाताऱ्या मालकिणीने पुन्हा कुंकवाचे ताट आणले आणि शेठांना ओवाळले. एवढाच समारंभ झाला.

सायकल आणि दांपत्य यांचे नाते जुने आहे. मेरी आणि पिएर क्युरी यांचा विवाह जुलै १८९५ मध्ये झाला, तेव्हा आहेरात आलेल्या पैशांतून त्यांनी दोन सायकली घेतल्या आणि त्यांवरून फ्रान्सच्या खेड्यापाड्यांत भटकंती केली. नोबेल पारितोषिक पुढे १९०३ साली आले. व्यापारी वाचकांना दुसरे उदाहरण अधिक रुचेल. लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या उद्योगाचा आरंभ १८८८ साली बेळगावातील सायकलच्या दुकानाने झाला. लोखंडी नांगर आणि किर्लोस्करवाडी नंतरची.

आरोग्याच्या दृष्टीने हिशेब सोपा आहे. प्रौढांनी आठवड्यातून किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे पाच दिवस रोज अर्धा तास. सायकलवर शरीराचा भार बैठकीवर राहत असल्याने धावण्यापेक्षा गुडघ्यांना ती सोसते. ज्यांना हृदयाचा, रक्तदाबाचा वा मधुमेहाचा त्रास आहे, त्यांनी सायकल वा डोंगर यांपूर्वी आपल्या डॉक्टरांना अवश्य विचारावे. बैठक इतकी उंच असावी की पायडल खाली असताना पाय जवळजवळ सरळ होईल. पहाटे निघणाऱ्यांनी पुढे-मागे दिवा लावल्याशिवाय रस्त्यावर येऊ नये.

परंतु शेठ-वहिनींच्या आठवड्याचा लाभ केवळ मिनिटांत मोजता येत नाही. आपण कीर्द रोज लिहितो, खतावणी करतो, दिवाळीला नवी वही पूजतो. पती-पत्नींनी एकमेकांना दिलेल्या वेळेचे खाते मात्र कोणत्याच वहीत नसते. 'मुलांची लग्ने होऊ द्या', 'हा हंगाम जाऊ द्या' असे म्हणत ती बाकी पुढे ओढली जाते. तिची वसुली करायची वेळ येते तेव्हा गुडघे साथ देत नाहीत, कधी दोघांतील एकच मागे उरलेला असतो. बँकेच्या भाषेत ज्याला थकीत म्हणतात, ते हेच.

म्हणून वाचकहो, घरातील वडीलधारी माणसे आहेत तोवर त्यांना आपली खरी जन्मतिथी विचारून ठेवा. धंद्यातील मंद आठवडा कोणता, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. दूर जाण्याची गरज नाही. प्रत्येक गावाजवळ एखादे बेट, एखादा गड, एखादे क्षेत्र असतेच.

शेठांच्या घरी पुढचा आठवडा आधीच ठरला आहे. येत्या आषाढात, मोंढ्यात आवक नसते तेव्हा, मुलगा आणि सून माहूरच्या डोंगरात जाणार आहेत. गादीवर शेठ बसतील. फोन संध्याकाळी, रोजमेळ जुळल्यावर, एकदाच.