पाच हजार कोटी आणि उरलेला अर्थसंकल्प

मुंबईहून सोलापूरमार्गे बेंगळुरूला जाणाऱ्या उद्यान एक्स्प्रेसचे जनरल डबे कलबुर्गी, यादगीर, रायचूर या स्थानकांवर भरत जातात. शेतातली कामे सरली की घरेच्या घरे निघतात. सोबत भांड्यांचे पोते, ज्वारीच्या पिठाचा डबा आणि शाळेतून उठवलेली मुले. कन्नडमध्ये या पोटासाठी गाव सोडण्याला 'गुळे' म्हणतात. बेंगळुरूत उभ्या राहणाऱ्या इमारतींच्या पायथ्याशी, पत्र्याच्या आणि निळ्या ताडपत्रीच्या आडोशाला ही कुटुंबे राहतात. त्यांनी मागे सोडलेल्या गावातल्या शाळेला आणि दवाखान्याला किती पैसा द्यायचा, हेही याच शहरात, विधानसौधात ठरते.

या प्रश्नाशी मराठी वाचकाचे जुने नाते आहे. बिदर, गुलबर्गा (आजचे कलबुर्गी), रायचूर आणि मराठवाडा एकाच निजामी राज्यात होते. 17 सप्टेंबर 1948 ला ते बरोबरच मुक्त झाले. 1 नोव्हेंबर 1956 ला भाषावार रचनेत वाटा वेगळ्या झाल्या, पण बिदर जिल्ह्यातल्या औराद-भालकीच्या कितीतरी घरांत आजही मराठी बोलली जाते आणि सोयरिकी नांदेड-लातूरकडे होतात. मागासलेपणाचा वारसाही दोघांना सारखाच मिळाला.

हे मागासलेपण मोजण्याचे मोठे काम कर्नाटकात डॉ. डी. एम. नंजुंडप्पा यांच्या समितीने केले. 2002 च्या अहवालात तिने राज्याच्या 175 तालुक्यांपैकी 114 मागास ठरवले. त्यातले 39 अतिमागास होते आणि त्या 39 पैकी 21 एकट्या गुलबर्गा विभागात होते. पुढे वैजनाथ पाटील यांच्यासारख्या नेत्यांच्या दीर्घ आंदोलनानंतर आणि मल्लिकार्जुन खर्गे, धरमसिंग यांच्या पाठपुराव्याने संविधानात 371 (जे) हे कलम आले. त्यातून शिक्षणात व नोकऱ्यांत स्थानिकांना आरक्षण मिळाले आणि कलबुर्गीत स्वतंत्र विकास मंडळ स्थापन झाले. 2019 मध्ये या भागाचे, म्हणजे हैदराबाद कर्नाटकाचे, नाव 'कल्याण कर्नाटक' झाले.

मंडळाचा वार्षिक निधी गेल्या काही वर्षांत वाढत 5,000 कोटींवर गेला, ही वाढ स्वागतार्हच आहे. पण 2025-26 चा राज्याचा अर्थसंकल्प 4 लाख 9 हजार कोटींचा होता. त्यात हे 5,000 कोटी म्हणजे जेमतेम सव्वा टक्का. 2011 च्या जनगणनेनुसार या भागात 1 कोटी 12 लाख लोक राहत होते, म्हणजे राज्याचे 18 टक्के. मंडळाचा निधी हा या लोकांचा सगळा वाटा नव्हे, हे खरे. खात्यांचा नेहमीचा खर्चही तिथे होतो आणि व्हायलाच हवा. खरी अडचण अशी की तो किती होतो, हे सामान्य माणसाला सहज दिसत नाही. एखाद्या खात्याने आपली नेहमीची कामे मंडळाच्या माथी मारून स्वतःचा पैसा दुसरीकडे वळवला, तरी 5,000 कोटींचा आकडा तसाच झळकत राहील. कलम 371 (जे) मंडळापाशी थांबत नाही. या भागावरच्या विकासखर्चाचे न्याय्य वाटप करा, असे ते सांगते.

तुलनेसाठी बेंगळुरूकडे पाहा. 2024 मध्ये मंजूर झालेल्या मेट्रोच्या तिसऱ्या टप्प्याचा, सुमारे 45 किलोमीटरचा, खर्च 15,611 कोटी आहे. म्हणजे कल्याण कर्नाटकाच्या सात जिल्ह्यांसाठीच्या मंडळाच्या तीन वर्षांच्या निधीहूनही जास्त. बेंगळुरूला मेट्रो हवी, याबद्दल वाद नाही. केंद्राच्या वाट्याची आणि कर्जाची वेगळी सोय तिथे होते, हेही मान्य. पण 'आम्ही कर भरतो, ते घेतात' हे जे बेंगळुरूकडून ऐकू येते, ते अर्धेच आहे. रायचूरच्या 1,720 मेगावॅटच्या औष्णिक केंद्राने दशकानुदशके राज्याला वीज दिली. तिची राख मात्र रायचूरकरांच्या वाट्याला आली. हट्टीच्या खाणीतले सोने याच जिल्ह्यातले. आणि बेंगळुरूच्या बांधकामांवर घमेली उचलणारे हातही इथलेच.

पैसा आला की प्रश्न सुटतो, असेही नाही. मंडळाच्या निधीतून कलबुर्गीत जयदेव हृदयरोग रुग्णालयाची 371 खाटांची इमारत उभी राहिली. हृदयविकारासाठी सोलापूर किंवा हैदराबाद गाठावे लागणाऱ्या माणसाला याचे मोल कळते. मात्र इमारत बांधणे सोपे, तिथे माणसे टिकवणे अवघड. 2025 च्या दहावीच्या परीक्षेत दक्षिण कन्नडचा निकाल 91.12 टक्के, तर कलबुर्गीचा 42.43 टक्के लागला आणि तो राज्यात तळाशी होता. मंडळ वर्गखोल्या बांधू शकते. रिकाम्या पदांवर कायम शिक्षक नेमणे आणि नेमणूक झाल्या झाल्या दक्षिणेकडे बदली करून घेण्याची वाट बंद करणे ही कामे शिक्षण खात्याची आहेत. आमदारांच्या यादीतल्या रस्त्यांनी आणि सभागृहांनी हा निकाल वर जाणार नाही.

महाराष्ट्राने ही ठेच आधी खाल्ली आहे. दांडेकर समितीने 1984 मध्ये 3,186 कोटींचा अनुशेष मोजला. दीड दशकानंतर पुन्हा मोजदाद झाली तेव्हा तो 14,000 कोटींवर गेलेला होता. मराठवाडा, विदर्भाची वैधानिक मंडळे 1994 मध्ये आली आणि 30 एप्रिल 2020 ला मुदत संपून थांबली. मंडळ आहे म्हणून खाती निवांत राहिली आणि मंडळ गेले तेव्हा हिशेब मागायला घटनात्मक व्यासपीठच उरले नाही.

कर्नाटकाच्या हाती मात्र एक चांगला नमुना आहे, तोही स्वतःचाच. अनुसूचित जाती-जमातींच्या उपयोजनेसाठी राज्याने 2013 मध्ये कायदा केला. लोकसंख्येच्या प्रमाणात खातेनिहाय तरतूद त्याने बंधनकारक केली. त्यालाही पळवाटा निघाल्या, पण निदान कोणत्या खात्याने किती ठेवले हे विचारता येते. कल्याण कर्नाटकासाठी तसाच कायदा व्हावा. आरोग्य, शिक्षण, पाटबंधारे, नगरविकास अशा प्रत्येक खात्याने सात जिल्ह्यांवर किती खर्च केला, त्याचे स्वतंत्र पत्रक अर्थसंकल्पाबरोबर मांडले जावे. मंडळाचा वार्षिक अहवाल विधानसभेपुढे ठेवणे 371 (जे) नुसार बंधनकारकच आहे. त्यावर एक पूर्ण दिवस चर्चा व्हावी. नंजुंडप्पांचे 175 तालुके आता फुटून 230 हून अधिक झाले आहेत. 2024 मध्ये एम. गोविंद राव यांची समिती नेमली गेली, तेव्हा नव्या मोजणीची गरज सरकारनेही मानली. ही मोजणी खात्यांच्या तरतुदींना आणि शिक्षक-डॉक्टरांच्या भरतीला थेट जोडली जावी, आणि पहिली भरती यादगीर, कलबुर्गी, रायचूरच्या शाळांत पुढचे शैक्षणिक वर्ष सुरू होण्याआधी व्हावी.